एकाच डोळ्याचं पाणी

या बायांनो, अशा पुढं सरका. टाळ खाली ठेवा, गुडघे धरले असतील तर भिंतीला टेका. बुवांना यायला अजून अवकाश आहे, तोवर मी एक गोष्ट सांगते. पुराणातली नाही, माझ्या डोळ्यांदेखत घडलेली. ऐकताना कुणाला राग आला तर येऊ द्या. मला अजून येतो.

"पाहा, मायबापहो, या लेकराकडं पाहा!" कीर्तनकार महाराजांनी हात लांब करून म्हटलं, आणि सगळा मांडव मान उंच करून बघायला लागला.

मोंढ्यातल्या हमालांचा सप्ताह होता. धान्याच्या थप्प्या एका बाजूला सारून पत्र्याच्या शेडखाली मांडव घातलेला. माझा धाकटा भाऊ दिगंबर त्याच मोंढ्यात पोती वाहायचा. मी सासरहून, कवठ्याहून, मुद्दाम कीर्तनासाठी आले होते. कीर्तन म्हटलं की मला तहानभूक राहत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. संध्याकाळी एसटीतून उतरले ती पिशवी घेऊन थेट मांडवात.

आणि बघते तर महाराजांच्या शेजारी पाटावर बसवलेलं लेकरू म्हणजे आमची वैजू. दिगंबरची मुलगी. पहिलीत होती तेव्हा. गळ्यात तुळशीमाळ, कपाळभर बुक्का. तिला डोळ्याजवळ काहीतरी लागलं होतं आणि बरं झालं, एवढंच माझ्या कानावर आलेलं. वर्षभरात तिला पाहिलं नव्हतं.

"आपण जन्मभर नाम ऐकतो, आपले डोळे कोरडे," महाराज म्हणत होते. "आणि हे अजाण बाळ! नाम कानी पडलं की धार लागते. कोण रडवतो हिला? अरे, तो रडवतो, तो!"

पखवाजावर थाप पडली. वैजूच्या डाव्या डोळ्यातून खरंच पाणी वाहत होतं, गालावरून, हनुवटीवरून, माळेवर. माझ्याही अंगावर काटा आला. का येणार नाही? माझ्या भावाच्या घरात असं लेकरू!

मग वैजूनं फ्रॉकची कड गालाला लावायला उचलली. मागं उभ्या असलेल्या दिगंबरनं तिचं मनगट धरलं.

"पुसू नको बाळा. गंगा हाय ती."

कीर्तन संपल्यावर बायांची रांग लागली. एकेक बाई वैजूच्या गालाला बोट लावायची आणि तेच बोट आपल्या डोळ्याला. कुणाच्या बोटाला बुक्का, कुणाच्या तंबाखूची मिश्री. लेकरू तोंड वाकडं करून बसलं होतं, कडू काढा पाजताना करतात तसं. पखवाज खोळीत गेला, सतरंज्या गुंडाळल्या. नाम थांबलं होतं. पाणी थांबलं नव्हतं.

सकाळी अंगणात तिची वेणी घालायला बसले. उजेडात तोंड वर करून पाहिलं आणि माझा हातच थांबला. डाव्या डोळ्याची खालची पापणी नाकाकडच्या कोपऱ्यात फाटून भलतीकडंच जुळलेली. ती डोळ्याला टेकतच नव्हती, ओठ मुडपल्यासारखी बाहेर पडलेली, आत लाल. गालावरची कातडी सोलून निघाल्यासारखी झालेली.

"जळायलंय का गं?"

"हां. मीठ लागल्यावानी."

"रात्री कीर्तनात का रडत होतीस?"

"मी रडत नव्हते आत्या." तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जसं काही मीच खोटं बोलले. "ते आपोआप येतंय. शाळेत बी येतंय. बाई म्हणतात पुस्तक ओलं करू नको, पोरं म्हणतात रडकी, आणि बाबा म्हणतात पुसू नको. मग मी करू काय?"

बायांनो, सहा वर्षांच्या लेकराचा प्रश्न होता. मी वेणी तशीच सोडली. मी आत गेले. माझी भावजय शेवंता चुलीपुढं भाकरी थापत होती. शेवंता म्हणजे कधी आवाज न निघणारी बाई. नवरा बसला की ही उठणार, नणंद बोलली की हिची मान खाली.

"शेवंता, काय लागलं होतं हिला?"

"पोत्याचा कोपरा." तिनं तव्याकडं बघत सांगितलं.

"कुठं दाखवलं?"

"चौकातल्या कंपाउंडरनं शिवलं. म्हणाला भरून येईल."

"भरून आलंय हे? चल, ऊठ. ती भाकर राहू दे."

"आक्का, त्यांना विचारल्याबिगर..."

"त्याला मी सांगते. तू चप्पल घाल."

डोळ्यांच्या दवाखान्यात इनामदार म्हणून डॉक्टरीण होत्या. उंच, करड्या केसांच्या, बोलायला फटकळ. त्यांनी वैजूला खुर्चीत बसवलं आणि दोन्ही डोळ्यांत पिवळ्या औषधाचा एकेक थेंब टाकला. जरा वेळानं पांढरं फडकं तिच्या नाकाला लावून म्हणाल्या, "शिंकर. आधी ही बाजू. आता ती."

उजवीकडून पिवळं आलं. डावीकडून काहीच नाही. डाव्या डोळ्यातलं पिवळं सगळं गालावर ओघळलेलं.

"बघितलंत?" त्या आम्हाला म्हणाल्या. "पापणीच्या काठाला, नाकाजवळ, बारीक भोक असतं. डोळ्यातलं पाणी तिथून नळीत जातं आणि नळीतून नाकात. म्हणून तर रडताना नाक वाहतं." मी जन्मभर कीर्तनात रडले, पदरानं नाक पुसलं, आणि हे मला तेव्हा कळलं! "हिची पापणी त्या कोपऱ्यातून उपटली गेली, नळी तुटली. ज्यानं शिवलं त्यानं वरची कातडी तेवढी ओढून शिवली. पाण्याला जायला वाटच राहिली नाही. त्याच दिवशी का नाही आणलंत?"

शेवंतानं वैजूचा गाल पदराच्या टोकानं टिपला.

"आता काय करायचं?" मी विचारलं.

"वण उघडायचा. तुटलेल्या नळीची टोकं शोधायची, आत केसासारखी मऊ नळी घालून ती जोडायची, पापणी मूळ जागी नेऊन थराथरानं शिवायची. टोकं सापडतीलच असं वचन देत नाही, फार दिवस गेलेत. पापणी मात्र जागेवर आणीन. पण लांबवू नका. पापणी डोळ्याला झाकत नाही, आत घाण जातेय. बुबुळावर डाग धरायला लागलाय. तो वाढला तर हा डोळा कामातून जाईल."

"कामातून म्हणजे?"

"म्हणजे दिसणार नाही. लहान मुलांना भूल देणारे डॉक्टर परवा दुपारी येतायत, नंतर कधी येतील मला सांगता येत नाही. सकाळपासून उपाशी आणा. घोटभर पाणीसुद्धा नको. पोटात काही असलं तर मी हात लावणार नाही. आणि आई नाहीतर बाप, एकजण सहीला हवा." मग शेवंताकडं वळून म्हणाल्या, "कशानं लागलं म्हणालात?"

"पोत्याचा कोपरा."

"पोत्यानं खरचटतं. हे काहीतरी आत अडकून ओढलं गेलंय."

शेवंतानं वैजूला उचललं आणि ती दाराबाहेर गेली. रस्त्यात मी विचारायला तोंड उघडलं तर म्हणाली, "आक्का, मला विचारू नका. तुमच्या पाया पडते."

परवा म्हणजे काल्याचा दिवस. आणि काल्याच्या कीर्तनात वैजूला हंडीखाली बसवायचं, हंडीतला पहिला काला तिच्या तोंडात घालायचा, असं महाराजांनी आदल्या रात्रीच भर मांडवात जाहीर केलेलं.

दिगंबर दुपारी मोंढ्यातून जेवायला आला. त्याच्या दोन्ही हातांची नखं फुटलेली, बोटांतून रक्त आलेलं. मी ताट वाढून समोर बसले आणि डॉक्टरीणबाईंचं सगळं सांगितलं. त्यानं घास खाली ठेवला.

"कुणाला विचारून नेलंस?"

"लेकराचा डोळा चाललाय आणि तुला विचारायचं राहिलंय का?"

"डोळा चालला न्हाई. देवानं दिलंय ते. आक्का, तू एवढी कीर्तनाला जाणारी, तू असं बोलायलीस?"

"कीर्तनाला जाते म्हणूनच बोलायले! देव लेकराची कातडी सोलून दर्शन देतो हे कुठल्या कीर्तनात ऐकलंस तू?"

"मांडवातल्या बायाबापड्या पाया पडतेत तिच्या. हमालाच्या पोरीच्या. तुला काय कळणार?"

"तिला पुस्तक वाचता येत नाही, दिग्या. तुला हे कळतंय का?"

"काला झाल्यावर बघू."

"काल्यानंतर भुलीचा डॉक्टर नाही."

"मग देवाची इच्छा," तो म्हणाला, आणि ताटावरून उठला. भरल्या ताटावरून. आमच्या आईनं हे पाहिलं असतं तर त्याच्या पाठीत उलथनं घातलं असतं. मी घातलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

मी तशीच महाराजांच्या बिऱ्हाडी गेले. अडत दुकानाच्या माडीवर त्यांची उतरायची सोय होती. लोडाला टेकून पपई खात बसले होते. नाव सांगत नाही. गळा गोड होता, आणि त्याच गळ्यासाठी मी वर्षानुवर्षं पायपीट केली होती. पायावर डोकं ठेवलं, सगळं सांगितलं.

"माउली," ते म्हणाले, "मी काय डॉक्टर आहे? तुमचा भाऊच लेकराला घेऊन आला. म्हणाला, नामानं धार लागते. मी चार लोकांना दाखवली, चार लोक देवाकडं वळले. वाईट काय झालं?"

"तुम्ही तिच्या डोळ्याकडं पाहिलंत का, महाराज?"

"मी भाव पाहतो."

"भावाला पापणी नसते. लेकराला असते."

त्यांनी फोड तोंडात टाकली. "काला होऊ द्या. इतक्या लोकांना सांगितलंय. मग न्या काशीला नाहीतर मुंबईला."

जिना उतरले ती रागानं फणफणतच. देवावर नाही हो. देवावर मी कधी रागावले नाही. पण त्याच्या नावाची दुकानं थाटून आत लेकरू मांडून ठेवणाऱ्यांवर तोंडात मावेना इतका राग आला होता.

काल्याच्या सकाळी शेवंतानं वैजूला काही दिलं नाही. मी काही सांगितलं नव्हतं. पोरगी पाणी मागत होती आणि ही तिचे ओठ नुसते ओल्या फडक्यानं टिपत होती. मला वाटलं, बरं झालं, ही येणार. दिगंबर मांडवात गेला की आम्ही तिघी मागच्या दारानं निघू. पण दिगंबरनं स्वतःच वैजूला आंघोळ घातली, नवा परकर नेसवला आणि कडेवर घेऊन गेला. आम्ही दोघी त्याच्यामागं नुसत्या पळत राहिलो.

मांडव खच्चून भरलेला. मधोमध हंडी टांगलेली, खाली पाटावर वैजू. महाराज पुढं, टाळकरी दोन्ही बाजूंना, आणि महाराजांच्या मागं वीणा घेऊन दिगंबर. सप्ताहाची वीणा तुम्हाला ठाऊक आहेच. सप्ताह बसल्यापासून उठेपर्यंत ती जमिनीला टेकत नाही, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. काल्याला ती आपल्या गळ्यात असावी म्हणून दिगंबरनं पाळी मागून घेतली होती.

एक म्हातारी दह्या-लाह्यांचा वाडगा घेऊन वैजूपुढं बसली. "खा गं माझी माय, एवढा एक घास खा." वैजू उपाशी. तिनं आ केला.

मी उठले. बायांच्या मांड्यांवरून, पायांवरून गेले आणि तो वाडगा म्हातारीच्या हातातून काढून घेतला.

"आक्का!" दिगंबर ओरडला. "खाली बस!"

"बसते. आधी महाराजांना एक विचारते." मी महाराजांकडं वळले. "महाराज, मला चालता येत नव्हतं तेव्हापासून मी कीर्तन ऐकते. नामानं पाणी येतं, मी स्वतः रडलेय. पण भक्तीचं पाणी दोन्ही डोळ्यांना येतं. हे एकाच डोळ्याला कसं आलं?"

कुणीतरी पुटपुटलं, "खरंच की." महाराजांचा चेहरा बदलला. त्यांनी टाळकऱ्यांना बोट केलं. "हं! विठ्ठल विठ्ठल!" टाळ वाजायला लागले, पखवाज घुमायला लागला. मला गप्प करायला देवाचं नाव! बायांनो, त्या दिवशी पहिल्यांदा नाम कानांना टोचलं.

पण माझाही आवाज काही कमी नाही. मी दिगंबरपुढं जाऊन उभी राहिले.

"दिग्या, मोंढ्यात सगळे लोखंडी हुकानं पोती ओढतात. तू नखानं का ओढतोस? तुझा हुक कुठंय?"

त्याचा वीणेवरचा हात थांबला.

"कुठंय तुझा हुक?"

पुढच्या रांगेतले टाळ थांबले. मग मागचे. पखवाज एकटाच जरा वेळ वाजला आणि तोही थांबला.

"विहिरीत टाकला," दिगंबर म्हणाला. इतक्या हळू की पुढच्या दोघाचौघांनाच ऐकू आलं असेल. "ती भाकर घेऊन आली होती, आक्का. मागून आली. मी हुक मारून थप्पीवरचं पोतं ओढलं, हात मागं आला. मला वाटलं पोत्यातच अडकला. म्हणून मी आणखी ओढला." त्याच्या दोन्ही डोळ्यांना पाणी आलं. "हे देवाचं नसलं तर माझ्या हाताचं हाय. मग मी कसा जगू, सांग."

आणि मला दया आली नाही. खोटं कशाला सांगू? त्या घडीला आली नाही. त्याला जगता यावं म्हणून ते लेकरू रोज पाटावर बसत होतं.

"तुझ्या हाताचंच आहे," मी म्हटलं. "त्याच हातानं तिला उचल आणि चल."

तो वैजूकडं बघत राहिला. मग गळ्यातल्या वीणेकडं. वीणा खाली ठेवता येत नाही. त्यानं शेजारच्या टाळकऱ्यापुढं मान केली, तो मागं सरकला. पलीकडच्यानं तोंड फिरवलं. महाराजांसमोर वीणा कोण घेणार? घेतली म्हणजे आमच्या बाजूनं झाल्यासारखं.

"कुणी घ्या रे," दिगंबर म्हणाला. "कुणीतरी घ्या."

तेव्हा बायांतून शेवंता उठली. पदर कमरेला खोचलेला. आमच्याकडं बाईनं सप्ताहाची वीणा घ्यायची रीत नव्हती, बाई तिला लांबून हात जोडायची. ती सरळ नवऱ्यासमोर गेली, त्याच्या गळ्यातून वीणा काढली आणि आपल्या गळ्यात घातली.

"जावा," ती म्हणाली. "तिनं काही खाल्लं न्हाई. पाणी बी न्हाई. जावा लवकर."

"अगं, सही..." मी म्हटलं.

"बापाची चालती ना? मग जाऊ द्या त्यांना."

महाराज कडाडले, "बाई, वीणा सोड!"

"सोडते की. कुणाच्या गळ्यात घालू, ते सांगा."

कुणीच पुढं आलं नाही. दिगंबरनं वैजूला उचललं आणि आम्ही धावत सुटलो.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी त्याला पहिलाच प्रश्न तोच विचारला. कशानं लागलं?

"हुक," दिगंबर म्हणाला. "माझ्या हातातला."

त्यांनी दिवा वैजूच्या चेहऱ्यावर वळवला. "कोणत्या बाजूनं ओढला गेला, ते नीट दाखवा. मला शोधायला उपयोग होईल." त्यानं स्वतःच्या चेहऱ्यावर बोट ठेवून दाखवलं. मग त्या म्हणाल्या, "हात धुऊन तिच्याजवळ बसा. झोप लागेपर्यंत सोडू नका."

वैजू बापाचा अंगठा धरून विचारत होती, "आई कुठंय?"

आई मांडवात उभी होती. तिची वीणा कुणी घेतलीच नाही. "घेतलीस ना, धर आता," म्हणाले. हंडी फुटली, काला झाला, पंगती बसल्या, उठल्या, उन्हातून दिंडी निघाली, आणि शेवंता वीणा घेऊन उभी. कुणी घोटभर पाणी विचारलं नाही. उपाशी लेकराची आई उपाशीच. दिवस कलताना सप्ताहाची समाप्ती झाली, तेव्हा तिनं वीणा देवापुढं ठेवली आणि चालत दवाखान्यात आली. पाय सुजून चपलेत मावत नव्हते. वैजूच्या डोळ्यावर पट्टी होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "टोकं सापडली. वडिलांनी दाखवलं तिथंच होती."

शेवंतानं दिगंबरकडं पाहिलंसुद्धा नाही. खाटेच्या पायथ्याशी जमिनीवर बसली आणि लेकराच्या तळपायाला गाल लावला.

आतली नळी काही महिन्यांनी काढली. पापणी जागेवर बसली, गाल भरून आला. थंड वारा सुटला की त्या डोळ्याला अजून थोडं पाणी येतं. वैजू ते खुशाल पदरानं पुसते. ती आता स्वतः शाळेत शिकवते. महाराजांचं काही बिघडलं नाही, त्यांचे सप्ताह पुढंही गाजले. दिगंबर पुन्हा हुक घेऊन कामावर गेला, पण पोतं ओढायच्या आधी मागं वळून बघायची सवय त्याला शेवटपर्यंत राहिली.

शेवंता आता नाही. कुठल्या सप्ताहाच्या पत्रिकेत तिचं नाव छापलं गेलं नाही, कुठल्या कीर्तनात कुणी तिचा दाखला दिला नाही. ते बघा, बुवा आले. उठा, टाळ घ्या. पण पहिलं नाम घ्यायच्या आधी, बायांनो, माझ्यासाठी एवढं करा. मनातल्या मनात एकदा शेवंताची आठवण काढा.